राख धुतलेले वाल

१८ नोव्हेंबर. उद्याच्या प्रॅक्टिकलसाठी एरंडीच्या बिया भिजत घालायच्या होत्या. एरंडी विषारी, म्हणून तिचं पातेलं मी वेगळं ठेवते. ते काढायला ओट्याखाली वाकले, तर शेजारच्या मोठ्या पातेल्यात वाल भिजलेले दिसले. टम्म फुगलेले. दिवसभर अकरावीच्या वर्गात बोलून घसा बसला होता. मी तिथेच खाली बसले.

ते बियाण्याचे वाल होते. घोटीजवळच्या आमच्या शेतात भात निघालं की मातीत उरलेल्या ओलीवर सासूबाईंच्या घरचे वाल पेरतात. गावात ठेवलेलं बी यंदा भुंग्यांनी पोखरलं. चांगलं उरलं ते आमच्या फ्लॅटमधल्या एका डब्यात, चुलीची राख चोळून ठेवलेलं. तेवढंच.

"हे कोणी भिजवले?"

"मी, काल रात्री," नवरा हॉलमधून म्हणाला. डॉक्टरांनी कडधान्यं खा म्हटल्यापासून तो रोज काहीतरी भिजत घालतो. "केवढी धूळ होती गं त्यात. तीन पाण्यांनी धुतले."

सासूबाई खोलीतून आल्या. पातेल्यात हात घालून त्यांनी मूठभर वाल वर काढले.

"धूळ नाय ती, राख होती. पन्नाशी आली तुझी. शेतकऱ्याचंच पोर ना तू?"

"आता भिजलेच आहेत, तर निदान उसळ तरी..."

"तुझीच उसळ करते, थांब." मग माझ्याकडे वळून, "सावलीत वाळव गं, आन् भर परत डब्यात. धाकला पेरील त्याच्या सवडीनं."

धाकला म्हणजे माझा दीर. त्याला फोन लावला.

"वहिनी, भात अजून उभं हाय. मजूरच मिळंना. आठ-दहा दिवस तरी धरा."

इतके दिवस थांबायची सोय नव्हती. हेच तर मी दरवर्षी एरंडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून शिकवते. शेंगेत दाणा भरतो तेव्हा त्याच्या पेशी प्रथिनं तयार करतात आणि बारीक बारीक पिशव्यांत ठासून ठेवतात. मग दाणा वाळतो, पाणी निघून जातं, आणि तो साठा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. पाणी मिळालं की पेशी त्याच प्रथिनांचे तुकडे करून कोंबाला पुरवायला लागतात. नवीन भरायला आता वेल नाही, शेंग नाही. साठा आहे तेवढ्यातच भागवायचं.

सासूबाईंना हे सांगितलं.

"म्हंजी शिदोरी सोडली त्यानं."

"हो."

"मग वाळवून परत बांधायची."

"काही दाणे टिकतील, काही नाही. कोणते ते पेरल्यावरच कळेल. आणि हे बघा, यांची सालं फाटलीत, कोंबाचं टोक दिसतंय. हे वाळवले की मेलेच."

त्यांनी दाणा चष्म्याजवळ नेऊन पाहिला. "माझ्या सासूनं दिलेलं बी हाय हे."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. एरवी मी उठून जाते. आज उठायचाही कंटाळा आला होता, आणि त्या रडत नव्हत्या, नुसता दाणा फिरवत होत्या.

"सकाळी पिशव्यांत लावू," मी म्हटलं. "भात निघेपर्यंत रोपं तग धरतील. मग माती न फोडता शेतात न्यायची."

"वालाला जागा बदललेली आवडत नाय."

"आवडून घेईल."

नवरा म्हणाला, "मी काय करू?"

"तू काही भिजवू नकोस," त्या म्हणाल्या.

पाण्यात राहिले तर कुजतील, म्हणून वाल निथळून ओल्या फडक्यावर पसरले आणि वरण-भाताचा कुकर लावला. उसळीचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या कुंड्या उपड्या करून माती आणि शेणखत कालवलं. नवऱ्याने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खिळ्याने भोकं पाडली. सासूबाई स्टुलावर बसून एकेक दाणा खोचत गेल्या. पिशव्या संपल्या तेव्हा मी खालच्या टपरीवरून कागदी कप मागून आणले, उरलेले वाल त्यांत लावले, हात धुतले आणि पहिल्या तासाला उशीर होईल असं कॉलेजात कळवून टाकलं.