कितीपैकी?

कोणी काहीही सांगितलं की साहेब चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कितीपैकी?"

"साहेब, आज दोन पोरं आली नाहीत." "कितीपैकी?" "साहेब, पोह्यात खडा लागला." "किती घासांपैकी?" मी एकदा धीर करून सांगितलं, की कॉलेजात पहिल्या वर्षी मी एका विषयात नापास झालो होतो. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मीच पहिला. साहेब म्हणाले, "कितीपैकी गा?"

पाठीमागे आम्ही त्यांना पैकीसाहेब म्हणत असू. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. माणूस भला, पण दोन वाक्यं बोललं की डोकं धरून बसावं लागतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. जिल्ह्यात कुष्ठरोग किती पसरला आहे, याचा अंदाज काढायचा होता, आणि त्या पाहणीची आखणी साहेबांकडे होती. सुट्टीत आम्ही काही विद्यार्थी त्यांच्या हाताखाली रोजावर लागलो. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला. "साहेब, शहरात धंतोलीतल्या दवाखान्यांत जाऊन रोगी मोजले तर?"

"तिथं रोग नाही मोजला जात. तिथवर येऊ शकला तो माणूस मोजला जाते. जो लपून बसला, त्याले कोण मोजन?"

मग ते भाताचं सांगायचे. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण शीत वरवरचं उचललं तर? म्हणून ते आकड्यांच्या एका जीर्ण तक्त्यावर डोळे मिटून पेन्सिल टेकवत आणि येईल त्या आकड्याची गावं काढत, मग गावातली घरं. निघालं ते घर बदलायचं नाही. कुलूप असलं तर तीन वेळा जायचं. शेजारचं घर तर मुळीच घ्यायचं नाही. "शेजारचं घर म्हंजे ते घर नव्हे!" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की ते माझ्या स्वप्नात येऊ लागलं.

मे महिन्यातलं ऊन. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि सायकल. एका कुलपासाठी मी कन्हान नदीच्या पलीकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा एका म्हातारीनं दार उघडलं, मी घरातल्या सगळ्यांना तपासलं, कोणालाच काही नव्हतं. मी चिडून म्हणालो, "फुकट गेल्या खेपा." साहेब आनंदानं म्हणाले, "फुकट काहून? निरोगी घरही पैकीतच येते न!"

आणि मग तक्त्यातून आमची वस्ती निघाली. वीस घरं काढली, त्यात आमचं.

मला ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी भाकरी थापताना ताईच्या हातावर निखारा उडाला होता. कातडी जळल्याचा वास मला आला, तिला कळलंच नाही. त्या जागी फिकट चट्टा होता. आईनंही तो पाहिला होता. कळमेश्वरच्या पाहुण्यांनी ताईला पसंत केलं होतं, आणि लग्न पंधरा दिवसांवर होतं.

मी फॉर्मवर लिहिलं, कुलूप. तीनदा लिहिलं. आणि त्याऐवजी शेजारच्या घराचा फॉर्म भरून टाकला.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "काहून गा, तीन दिवसांच्या तीन खेपा, अन् शाई एकच?" फॉर्मवर आमचं आडनाव होतं. त्यांनी ते वाचलं असणारच, पण त्याबद्दल अक्षरही काढलं नाही. "चाल. चौथी खेप मी मारतो."

तपासणीच्या सिस्टरबाईंना घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. दाराला बाहेरून खरोखरच कुलूप होतं. पाहणीवाले येणार म्हटलं की आई ताईला आत ठेवून कुलूप लावायची आणि किल्ली घेऊन शेजारी जाऊन बसायची. साहेबांनी कुलपाकडे पाहिलंच नाही. कौलांतून निघणाऱ्या धुराकडे पाहिलं. मग अंगणातल्या बाजेवर बसून कुलपालाच म्हणाले, "लय ऊन आहे बाप्पा. पाणी भेटन का?"

आतून ताईचा आवाज आला. "कुलूप आहे न साहेब. पाणी कसं देऊ?"

सिस्टरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आई किल्ली घेऊन धावत आली, आणि कुलूप उघडता उघडता रडू लागली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

सिस्टरबाईंनी ताईला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचं टोक फिरवलं. "कुठं लागलं?" ताई वाट पाहत राहिली. तिला अजून टोक फिरायचंच आहे असं वाटत होतं.

"साऱ्या वस्तीत मीच एक निघाली," ती म्हणाली.

"कितीपैकी?" साहेब म्हणाले.

देवाशपथ, त्या क्षणी मी त्यांच्यावर हात उचलला असता. पण ते बाजेवरून उठून तिच्यासमोर उकिडवे बसले. "वस्ती दोनशे घरांची. आम्ही उचलली फक्त वीस, तीही डोळे झाकून. त्यात तू सापडली. मंग न पाहिलेल्या एकशे ऐंशीत कोणीच नसन का? हिशेब सांगते, तू एकटी नाही वं."

ताईनं पहिल्यांदा मान वर केली. मग उठून तिनं साहेबांना पाणी आणून दिलं.

"पण कळमेश्वरवाल्यायले काय सांगू?" आईनं विचारलं. "ते माह्या फॉर्मात नाही, बाई," साहेब म्हणाले, आणि मला पुन्हा त्यांचा राग आला. ते शेवटी ताईनंच सांगितलं. लग्न मोडलं. गोळ्या काही वर्षं चालल्या, चट्टा विरला. पुढे तिनं आधी सगळं सांगून लग्न केलं. आज तिची मुलं माझ्याहून उंच आहेत.

मला साहेबांनी कामावरून काढलं नाही. त्यांची बदली झाली, आणि ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. मी त्यांचे आभार मानले नव्हते. एकदा त्या जुन्या कचेरीत गेलो, तेव्हा ओळखीच्या कारकुनानं त्या पाहणीच्या फॉर्मांचा गठ्ठा काढून दिला. शेजारच्या घराच्या फॉर्मवर आडवी काट होती. आमच्या फॉर्मवर माझी तीन कुलपं एकाच शाईत तशीच होती. त्यांखाली साहेबांच्या बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं,

"खेप चौथी. घर उघडे. पाणी मिळाले."