साडेपाच तासांचं न्यूयॉर्क

भुकूमला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहते, त्या काकूंना गाडी लागते. पौडला जायचं म्हटलं तरी तोंडात आवळासुपारी आणि हातात रिकामी पिशवी. अशा बाईची एकुलती एक लेक नेमकी न्यूयॉर्कला. तिला दिवस गेले. चौथा महिना सरत आला तरी पाण्याचा घोट पोटात ठरेना. फोनवर नुसती रडायची. काकूंचा व्हिसा लेकीच्या लग्नानंतरच काढून ठेवलेला होता. जावयांनी तिकीट पाठवलं आणि काकू फोन घेऊन माझ्याकडे वर आल्या.

"किती लांब हाय गं?"

मी लातूरची, कॉम्प्युटरवर पोट भरणारी. हुशारी दाखवायची खोड. म्हटलं, "साडेबारा हजार किलोमीटर."

"किलोमीटर नगं. तास सांग."

मी सांगायच्या आत त्यांनीच तिकिटावर बोट ठेवलं. मुंबईहून दीडला निघणार, तिथं सातला उतरणार. "साडेपाच तास! आगं, माणगावच्या लग्नाला गेलो तवा ताम्हिणीच्या घाटात याच्यापरीस जास्त अडकून बसलो."

चेहरा असा उजळला की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, हे मला सांगवेना. खरे तास सोळा होते. बाई एकदा विमानात बसली की सुटलो, असा माझा हिशेब. भित्रेपणाला मी दया म्हणत होते.

काकू गावभर साडेपाच तास सांगत फिरल्या. आठवडाभराने मलाच अन्न गोड लागेना. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, तिथं जाऊन सांगून टाकलं.

"सोळा?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन् हे तू आत्ता सांगतीस? मी काय शेळी हाय, फसवून गाडीत घालायला?"

त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काकू जाणार नाहीत आणि तिकडे त्या पोरीचे हाल होणार, तेही माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर बसथांब्यावर काकू उभ्या. "सरक. सवय करून घेती." भूगावलाच उलटी झाली. तिसऱ्या दिवशी चांदणी चौक गाठला. पंधरवड्यात त्या थेट स्वारगेटला जाऊन त्याच बसनं परत यायला लागल्या. वर कंडक्टरला दम, "डायवरला सांग, दमानं घे."

तिकडे पोचल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी आधी तेच विचारलं, "विमान लागलं का काकू?"

"लागलं की. तीनदा. माझं काय घिऊन बसलीस? ऐक, काल तिला नाचणीची पेज पाजली, ती ठरली. आज उठून तिनंच भाकरी मागितली. अर्धी खाल्ली, आन् बसलीया माझ्याम्होरं हसत."