शेरू पाणी प्यायला तेव्हा

फोन आला तेव्हा मी गावी होतो, किनवटकडं, पुतणीच्या लग्नात. मांडवात स्पीकरचा दणका, म्हणून गोठ्यामागं जाऊन फोन कानाला लावला. "जिजी गेली," एवढंच तिचा मुलगा भाऊसाहेब बोलला. "कधी?" असं विचारायच्या आधी मी मान वळवून मांडवात माझ्या बायकोकडं, रेखाकडं पाहिलं. ती लोकांना अक्षता वाटत होती, दोन्ही हात नीट चालत होते… ही माझी जुनी खोड आहे. वाईट बातमी आली की मी आधी बायकोचे हात बघतो, मग बातमी ऐकतो. नाशिक इतकं लांब, की मातीला पोचणं शक्यच नव्हतं. महिना होऊन गेला तरी जीव थाऱ्यावर नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण जिजीचं सांगितल्याशिवाय चैन पडेना.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकजवळ एकलहऱ्याला वीजकेंद्रात कंत्राटी कामाला लागलो आणि जिजीच्या मळ्यातली कोपऱ्यातली खोली भाड्यानं घेतली. जिजी विधवा बाई. शेवंती, झेंडू, गलांडा लावायची आणि पहाटे पाट्या घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जायची. आमचं लग्न नवीन होतं. ट्रंक घेऊन आम्ही दारात उभे, तर तिचा पहिला सवाल, "कोण गाव?" किनवट म्हणालो. "ते कुठं आलं?" नांदेडच्या पलीकडं. तिनं रेखाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या लांबून आणलीय, तर तिला खायला घालतो का नुसतं गाडीतच बसवतो रे?" असं बोलून तिनंच आम्हाला जेवायला वाढलं. तेव्हा पाहिलं, की चुलीवरची पहिली भाकरी उतरली की तिची चतकोर आधी शेरूला. शेरू म्हणजे तिचं तांबूस कुत्रं, एक कान फाटका. भाऊसाहेब चिडायचा, "मी पोटचा का तो पोटचा?" जिजी म्हणायची, "तो उलटं बोलत नाय."

त्या शेरूच्या शेपटीवर रेखाचा पाय पडला आणि तो तिच्या पोटरीला चावला. तेव्हा कुत्रं चावलं की पोटात इंजेक्शनं द्यायचे, रोज एक, चौदा दिवस. मी सायकलवर बसवून न्यायचो, येताना ती पोट धरून बसायची. इकडं वस्तीतली माणसं जिजीच्या दारात जमली. लेकराबाळांची वस्ती आहे, कुत्रं मारून टाका म्हणाली. जिजी एवढंच बोलली, "माझं कुत्रं, मी बघते." दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, मारलं, कालव्याच्या कडंला पुरलं. वस्ती गप्प झाली. नंतर जिजी आमच्याशी धड बोलेना, समोर आली की नजर चुकवायची. मला वाटलं, आमच्यामुळं कुत्रं गेलं म्हणून राग धरलाय.

इंजेक्शनं संपत आली आणि रेखाला ताप भरला. डोकं इतकं दुखायचं की उजेड सोसेना. मग पायातलं बळ गेलं, लघवी तुंबली, हात उचलेना. मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारायला लागली. पाण्याचा घोट दिला तर ठसका लागला आणि खोलीत उभी असलेली माणसं भिंतीपर्यंत मागं सरली. पाण्याला भ्यायली म्हणजे पिसाळ अंगात भिनली, आता संपलं, असं कुणीतरी माझ्यादेखत बोललं. मी तिला टेम्पोत घालून नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. तरुण डॉक्टर, बोलणं हळू. त्यांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं, डोक्याचा फोटो काढला आणि मला बाहेर बोलावलं.

"मेंदूला सूज आहे," ते म्हणाले. "कारणं दोन असू शकतात. एक रेबीज. त्याच्यावर औषध नाही. दुसरं… ही लस मेंढीच्या मेंदूपासून करतात. फार क्वचित एखाद्याचं शरीर त्या लसीवर चवताळतं आणि स्वतःच्याच मेंदूवर तुटून पडतं. तसं असेल तर उरलेली इंजेक्शनं ताबडतोब थांबवून सूज उतरवायचं औषध जोरात द्यायला हवं. पण कुत्रं खरंच पिसाळलेलं असेल, तर लस थांबवून हे औषध देणं म्हणजे आत दबलेल्या रेबीजला वाट करून देणं. ते कुत्रं कुठंय?"

"मारलं," मी म्हणालो.

डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "चावल्यावर दहा दिवसांनीही कुत्रं धडधाकट असतं, तर रेबीज नाही हे कळून कोडं सुटलं असतं. आता अंदाजानंच जावं लागेल. आणि थांबायला वेळ नाही."

कपडे न्यायला मळ्यात आलो. जिजी झेंडूच्या वाफ्यात बसली होती. डॉक्टरांचं बोलणं मी तिला जसंच्या तसं सांगितलं. मला बोलायला दुसरं होतं कोण? तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"जितं हाय रे ते," ती म्हणाली. "नाय मारवलं मला. इंचूरला भावाकडं धाडलं, कांद्याच्या गाडीत घालून. लोकांना तोंड कसं दाखवू म्हणून खोटं बोलले…"

मला तिच्या अंगावर धावून जावं का तिच्या पाया पडावं, कळेना. तशीच मातीच्या हातांनी ती माझ्यासोबत निघाली. विंचूरला कांद्याच्या चाळीच्या सावलीत शेरू पाय ताणून झोपला होता. जिजीला पाहून असा उड्या मारायला लागला, की मला रडूच फुटलं. परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, कुत्रं नेणार नाही. जिजी शेरूला मांडीवर घेऊन बसलीसुद्धा. "पाहुणा हाय माझा. तुझ्या शिटांपरीस सोवळा हाय." लोक हसले आणि जीप सुटली.

दवाखान्याच्या आवारात डॉक्टर स्वतः खाली आले. फाटका कान पाहून त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की हेच कुत्रं?" जिजी म्हणाली, "मग काय भाड्यानं आणलंय?" डॉक्टरांनी वॉचमनकडून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक भांडं मागवून त्यात पाणी ओतलं आणि शेरूपुढं सरकवलं. आम्ही तिघं उभे. शेरूनं आधी डॉक्टरांचे बूट हुंगले… मग भांड्यात तोंड घातलं आणि लपलप पाणी प्यायला. भांडं चाटून कोरडं केलं. डॉक्टर वर गॅलरीतल्या नर्सकडं बघून म्हणाले, "सूज उतरवायच्या औषधाचं सलाईन लावा," आणि जिना चढायला लागले. जिजी तिथंच फरशीवर बसली, शेरूच्या मानेत तोंड घालून.

औषध सुरू झालं तरी लगेच काही घडलं नाही. मी पलंगाशी बसून रेखाच्या बोटांकडं बघत राहायचो. मग एका दुपारी करंगळी हलली. पुढं तिनं मला माझ्या नावानं हाक मारली, तेव्हा मी वॉर्डबाहेर पळालो. घरी आल्यावर गोळ्यांनी तिचं तोंड चंद्रासारखं सुजलं, मी घाबरून गोळ्या बंद करायला निघालो. डॉक्टरांनी बजावलं होतं, हळूहळूच कमी करायच्या, एकदम नाही. जिजीनं गोळ्या स्वतःकडं ठेवल्या. "सुजू दे तोंड. तू काय सिनेमात घालणार हाय का तिला?" संध्याकाळी ती रेखाला शेवंतीच्या दोन ओळींमधून चालवायची, काखेत हात घालून, आणि पुढं शेरू. रेखा पडली की फुलं मोडायची. फुलं गेली तरी जिजी तिला तिथूनच चालवायची. ज्या बाईच्या खोटेपणामुळं रेखा जवळजवळ गेली, तिच्याच खोटेपणामुळं ती वाचली. ती खरं बोलली असती तर इंजेक्शनं वेळीच थांबली असती, पण मग वस्तीनं शेरूला मारलंच असतं. हा हिशेब मला आजही लागत नाही. आता ती लस राहिलेली नाही, नवी दंडात देतात. कुत्रं चावलं तर भिऊन घरी बसू नका, एवढं मात्र सांगतो.

शेरूला वस्तीतलं कुणी परत काही बोललं नाही. तो म्हातारा होऊन मेला. पण जिजीची चतकोर भाकरी वस्तीतल्या कुत्र्यांसाठी विहिरीशेजारच्या दगडावर जातच राहिली, शेजारी जर्मनच्या भांड्यात पाणी. दवाखान्यातलंच भांडं. तिनं ते वॉचमनकडून मागून आणलं होतं, का उचलून, हे तिनं कधी सांगितलं नाही.

लग्नाहून परतलो तो थेट मळ्यात गेलो. चूल थंड होती, दगड रिकामा, भांडं पालथं. रेखानं ते धुतलं, भरलं, दगडाशी ठेवलं. मळा सोडून आम्हाला वर्षं झाली, पण आता दर रविवारी तिथं जातो. वस्तीतलं कुठलंतरी कुत्रं लांबून येतं, आमच्याकडं बघतं, थबकतं… ते वाकून पाणी प्यायला लागेपर्यंत आम्ही दोघंही जागचे हलत नाही.