दोन अक्षरांचा छाप
ऑइलपेंटचा वास आला की मी अजून अस्वस्थ होतो. बाबा आणि काका वेगळे झाले, त्या हंगामातली गोष्ट. आंब्याच्या पेट्यांवर उमटवायला दोघांकडे एकसारखा पत्र्याचा छाप होता, त्यात दोघांच्या नावांची पहिली अक्षरं एकमेकांत गुंतवून कोरलेली; वरून ऑइलपेंट फिरवला की ती पेटीवर उमटत. काकांनी निरोप धाडला, "दादाला सांगा, माझं अक्षर त्याच्या पेटीवर नको." ट्रक हॉर्न मारत होता आणि बाबा कात्री घेऊन खळ्यात येरझाऱ्या घालत होते. "अगो, त्याचं कापलं की माझंही तुटतंय," ते आईला म्हणाले. शेवटी त्यांनी काकांच्या अक्षरावर कागद चिकटवला, तर त्यांचं स्वतःचंही लंगडंच उमटलं. पेट्या चढवायला गेलो तेव्हा ट्रकमध्ये आधीच चढवलेल्या काकांच्या पेट्यांवर दोन्ही अक्षरं अख्खी होती. आज माझ्या पेट्यांचे स्टिकर छापणाऱ्याने विचारलं, "अक्षर एक की दोन?" "दोन," मी म्हणालो, आणि बाबांसारख्याच येरझाऱ्या घालू लागलो.