बाईंची दूरची विद्यार्थिनी

परवा लिमये बाईंच्या शोकसभेत मागच्या रांगेतून एक उंच परदेशी तरुणी उठली. बाईंनी आम्हाला शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं स्वयंसेवक म्हणून टांझानियातल्या एका खेड्यात शिकवलं. ही तिथली त्यांची विद्यार्थिनी. आता पुण्यात इंजिनिअरिंग शिकते.

इंग्रजीत दोन वाक्यं बोलून ती अडखळली. तिला रडू आवरेना. मग डोळे पुसून ती चक्क मराठीत म्हणाली, "चुकलं? पुसून टाक. पुन्हा कर. येतं तुला."

सगळं सभागृह चमकलं. फळ्यापाशी रडवेले उभे असताना हे शब्द आम्ही प्रत्येकाने बाईंच्या तोंडून ऐकले होते.

"आम्हाला शब्द कळायचे नाहीत," ती पुढे इंग्रजीत म्हणाली, "पण आम्ही पुन्हा करायचो."

या वयात परक्या देशात कशाला जाता, असं आम्हीच बाईंना विचारलं होतं. एखाद्यावर टाकलेला विश्वास कुठल्याही भाषेत पोचतो, हे त्यांना तेव्हाच ठाऊक असावं.

शेवटी मुख्याध्यापकांनी श्रद्धांजलीसाठी सर्वांना उभं राहायला सांगितलं. आम्ही उठलो, आणि दोन मिनिटांच्या शांततेऐवजी टाळ्यांचा कडकडाट झाला.