सोललेल्या काठ्या

सोल्या हे नाव त्याला आम्ही गोठ्यातल्या गड्यांनीच दिलं. त्याआधी तो नुसता जावई होता. सासऱ्याच्या शेळ्या राखायचा. लेंड्या काढणं, पाणी ओढणं, खुरं कापणं. कामात खोट नव्हती.

प्रार्थनेत एकदा धर्मग्रंथातला जुना उतारा वाचला गेला. मेंढपाळानं मालकाकडे मजुरी म्हणून फक्त ठिपकेदार पिल्लं मागितली. मग काठ्यांची साल पट्ट्यापट्ट्यानं काढून त्या कळपाला दिसतील अशा पाण्यापुढे उभ्या केल्या. पिल्लं ठिपकेदारच झाली.

सोल्याला स्वतःचा कळप हवा होता. बायकोला घेऊन वेगळं राहायचं होतं.

"मामा, मलाही तसंच द्या."

"घ्या की, जावईबापू," सासरा म्हणाला. "धर्माबाहेर मी कशाला जाऊ?"

त्यानं काठ्या सोलून पाण्याच्या डोणीपुढे रोवल्या. शेळ्या पाणी प्यायल्या आणि काठ्याही कुरतडून गेल्या. त्यानं पुन्हा रोवल्या.

मी म्हणालो, "बघून रंग येत असता, तर तुझ्याकडे बघून एव्हाना सगळ्या काळ्या ठिक्कर झाल्या असत्या."

करडं झाली. एकावरही ठिपका नाही.

तेव्हा त्यानं तो उतारा स्वतः बोट ठेवून वाचला. काठ्यांच्या आधीच लिहिलं होतं : मालकानं त्याच दिवशी ठिपक्यांचे बोकड काढून आपल्या मुलांबरोबर दूर पाठवले. ऐकताना ते त्याच्या लक्षातून निसटलं होतं. उठला, तडक मेव्हण्याच्या गोठ्यात गेला. सासऱ्यानं विकला म्हणून सांगितलेला आमचा ठिपक्यांचा बोकड तिथं निवांत रवंथ करत होता.

तो भांडला नाही. काठ्या चुलीत घातल्या. आजोबाचं नाक नातवाला येतं, तसे ठिपके एकरंगी आईबापांतूनही उतरतात, हे त्याला आता कळलं होतं. त्या बोकडाच्या जुन्या एकरंगी लेकी आणि लेक त्यानं हेरले. धडधाकट तेवढे निवडले, मेळ घातला. पुढच्या विणीला ठिपकेदार करडं उड्या मारू लागली.

सासरा दाराशी येऊन बघून गेला. म्हणाला, "ठिपक्यांची गेल्या साली तुमची होती. यंदा एकरंगी तुमची. आणि तुम्ही तर ठिपकेदारच केलीत, शाबास!"

मजुरी पुन्हा पुन्हा बदलल्याचंही त्या उताऱ्यात पुढं आहे. सोल्या तिथवर पोचलाच नव्हता.

त्यानं डोण घासली, पाणी भरलं, मग पिशवी उचलली.

"चल," बायकोला म्हणाला.

"बाबांना सोडून? आणि बोकड नेला तेव्हा दार मीच उघडलं होतं. तुम्हाला वाटलं काय?"

ग्रंथातल्या मेंढपाळाच्या बायका त्याच्याबरोबर निघाल्या होत्या. ही दारापर्यंत आली आणि आतून कडी लावून घेतली.