शेवटच्या पानाची खळ

“शेवटची कविता माझ्यावर हाय म्हणाले हुते. तेवढी कानावर पडली की झालं. मग पाचची गाडी धरू.”

हे मला उद्देशून नव्हतं. अक्का आपल्या जावेला सांगत होती. मी त्यांच्या मागे, माधवनगरच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत, चहाच्या किटलीपाशी उभी होते आणि एकमेकांत अडकलेले कागदी कप सोडवत होते.

“तुज्यावर?” जाऊ म्हणाली. “काय लिवलं आसंल गं? भाकरी करपली म्हणून?”

“करपली म्हणून का हुईना. माझी हाय.”

दोघी हसल्या. माझ्या हातातले दोन कप चेपले गेले होते, ते मी ओढणीखाली धरून राहिले.

अक्का जत तालुक्यातून आली होती, दोन गाड्या बदलून. तिचा नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. टाकी भरायला तास-दीड तास लागायचा, तेवढ्या वेळात केबिनमध्ये बसून तो कविता लिहायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी त्याच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं, आणि ते पुस्तक मी छापलं होतं.

मी कवितांची पुस्तकं हाताने करते. साताऱ्यातल्या एका लग्नपत्रिकावाल्याने दुकान बंद केलं, तेव्हा त्याचं पायाने चालवायचं छपाईयंत्र आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे मी घेतले. माधवनगरात पूर्वी माग होते अशा एका शेडमध्ये ते बसवलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी कविता मी कॉलेज संपल्यावर वाचायला लागले, तेही चोरून, कुणी विचारलं तर काय सांगू या भीतीने. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागे सरकते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात कवितावाचन असतं तेव्हा मी खोली झाडते, खुर्च्या मांडते, चहा करते आणि बोलायचं काम निवृत्त झालेले एक गुरुजी करतात. “आमच्या मॅडम लाजतात,” असं म्हणून ते दरवेळी सुरुवात करतात. पंधरा-वीस माणसं येतात. त्यातली दोन नक्की चहासाठी.

टँकरवाले दादा असेच एका रविवारी आले होते. गाडी दुरुस्तीला टाकली होती, तेवढ्यात वर आले. बसले नाहीत. दाराशी उभं राहून एक कविता म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत जिना उतरून गेले. मी त्यांच्या मागे धावले, पण हाक मारता आली नाही. रस्त्यावर त्यांना गाठलं आणि नुसता माझ्या छापखान्याचं नाव-पत्ता छापलेला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

पुढे ते आजारी पडले. वही घ्यायला मी सांगलीला दवाखान्यात गेले, तेव्हा अक्का पायाशी बसली होती. दादांनी वहीचं शेवटचं पान मला दाखवलं आणि तिला म्हणाले, “ही तुझ्यावर हाय. आत्ता न्हाई वाचायची. पुस्तकात आली की ऐक.” तिला वाचून दाखवावं लागणारच होतं. तिची शाळा सीमेपलीकडच्या गावात, कन्नड. माझी इंग्रजी. मराठी आम्हा दोघींना तोंडीच आली; वाचायला मी नंतर शिकले.

त्याच आठवड्यात दादा गेले.

पुस्तक उन्हाळ्यात तयार झालं. साठ प्रती. मला एक कल्पना सुचली होती आणि मी तिच्यावर खूश होते. शेवटची कविता सुट्या पानावर छापायची आणि ते पान मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पूर्ण चिकटवायचं. पुस्तक संपलं असं वाटून मिटायला जावं आणि तिथे ती सापडावी. वहीचंही शेवटचं पान निखळत आलं होतं. प्रेमाने मी वहीला नवा पुठ्ठा केला आणि ते पान त्याच्यावर तसंच चिकटवलं.

पुस्तकबांधणी मला साताऱ्याच्या काकांनी शिकवली. लग्नपत्रिकावाल्याकडे त्यांनी सगळं आयुष्य बांधणीत घालवलं होतं. शनिवारी मी साताऱ्याला जायचे, ते बोलायचे, मी मान हलवायचे. चिकटवायची मैद्याची खळ कशी शिजवायची हे दाखवताना त्यांनी चिमूटभर मोरचूद टाकलं. सांगलीकडे द्राक्षबागांवर फवारतात तेच. “हे इसरू नको,” ते म्हणाले. “झुरळाला पण कविता लय आवडती, बाई.”

मी मान हलवली. विसरले मात्र नाही. मी ते मुद्दाम घातलं नाही. मोरचूद घातल्यावर खळ निळसर हिरवी दिसते, आणि मला माझा हातकागद पांढराशुभ्र हवा होता. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघितले होते, त्यांची खळ दुधासारखी दिसायची. आधीची पुस्तकं महिन्याभरात लोकांच्या घरी गेली, त्यामुळे काही कळलं नाही. हे पुस्तक राहिलं. प्रकाशन म्हणजे मला प्रकाशक म्हणून दोन शब्द बोलावे लागणार. गुरुजींनी तारीख सुचवली की मी काहीतरी कारण काढायचे. एकदा कागद कमी पडला म्हटलं. एकदा बरं नाही म्हटलं. तिसऱ्यांदा काय म्हटलं ते आता आठवतही नाही. अक्काचा फोन यायचा, “कवा करायचं वं?” मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. साठ पुस्तकं आणि वही पत्र्याच्या ट्रंकेत, शेडमध्ये, अख्खा पावसाळा पडून राहिली.

शेवटी गुरुजींनीच तारीख पक्की केली. प्रकाशनाला तीन आठवडे उरले असताना ट्रंक उघडली.

पुस्तकाची आतली पानं बरी होती, ती दोऱ्याने शिवलेली. पण जिथे जिथे माझी खळ होती, तिथे झुरळं आणि कसर लागली होती. मागचे पुठ्ठे हातात घेतले की भुसा पडायचा. शेवटचं पान पूर्ण खळीवर बसवलेलं, त्यामुळे तेच आधी खाल्लं गेलं. एक, दोन, दहा, तीस पुस्तकं मी उघडत गेले. मग वही उघडली. वहीत तर बुरशीने पान आणि पुठ्ठा एकच करून टाकला होता.

खिळे कधीच सोडून आपापल्या खणात टाकले होते. प्रूफं मी पुस्तकांच्या पाठींना अस्तर म्हणून त्याच खळीने चिकटवली होती, तीही गेली. संगणकावर काही ठेवत नाही याचा मला अभिमान होता. फोनमध्ये तीन फोटो निघाले, तिन्ही मुखपृष्ठाचे. आठवेल म्हणून दोन दिवस डोळे मिटून बसले. काही आलं नाही. खिळे जुळवताना अक्षरं उलटी दिसतात. मी अक्षरं बघितली होती. कविता चौदा ओळींची होती एवढं माहीत होतं, कारण चौदा ओळी पानावर मध्यावर बसवायला मला त्रास झाला होता.

आठ दिवस चिमटा घेऊन मी ते तुकडे जुळवत बसले. वरच्या काठाशी माझा ब्रश नीट पोचलेला नव्हता. त्या आळशीपणामुळे वरच्या चार ओळी टिकल्या, एका पुस्तकातून अर्धा शब्द, दुसऱ्यातून उरलेला. खाली काहीच नव्हतं.

मी शनिवारी साताऱ्याला गेले आणि काकांकडून मोरचूद घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “काय झालं?”

“काही नाही, काका.”

“झालं काहीतरी. तोंड बघ की.”

मी पुडी पर्समध्ये टाकली आणि एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसले. दोन गाड्या सोडल्या.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला आजही हात अडखळतो. उरलेल्या दहा ओळी मी लिहिल्या. दादांच्या बाकीच्या कविता पुन्हा पुन्हा वाचल्या, त्यांचे शब्द वेचले आणि त्यांच्यासारखं लिहिलं. वाईट नव्हत्या. तेच मला सहन होत नव्हतं. चौदा ओळी जुळवल्या, छापल्या, निळसर हिरव्या खळीने साठ नव्या पुठ्ठ्यांवर चिकटवल्या. कुणाला काय कळणार होतं? वाचणारी माणसं वीस. जिच्यासाठी कविता होती तिला मराठी वाचता येत नाही. मी स्वतःला सांगितलं की तिला ऐकायला मिळेल, बस. आणि खरं कारणही मला माहीत होतं. तिला तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

“काय मॅडम, कपच मोजताय का चहा पण हाय?” चहासाठी येणाऱ्या दोघांतला एक म्हणाला. मी दचकले. कप ठेवले.

गुरुजींनी सुरुवात केली. मॅडम लाजतात, ते म्हणाले. नारळ फुटला, पुस्तकावरचा कागद निघाला, टाळ्या झाल्या. अक्काने पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, नाकाशी नेलं, आणि जावेच्या नाकाशी धरलं. “फवाऱ्यावानी वास येतोय की गं,” जाऊ म्हणाली. अक्का म्हणाली, “नव्याचा हाय. गप.”

गुरुजींनी तीन कविता वाचल्या. लोक हसले, एकदा कुणीतरी “वा” म्हणालं. अक्का गुडघ्यावर बोटं वाजवत होती. तिसरी संपल्यावर तिने हात वर केला, वर्गातल्यासारखा.

“गुरुजी, राग मानू नका. शेवटची तेवढी त्या बाईंना वाचू द्या. त्यांनी एक एक अक्षर हातानं लावलंय. आनि मला गाडी हाय.”

सगळे माझ्याकडे वळले. गुरुजी माईक पुढे करून हसत होते, आज मॅडम सापडल्या अशा आनंदात. खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीपासून माईकपर्यंत दहा पावलं असतील. मी ती कशी चालले मला आठवत नाही. पुस्तक मागून उघडलं. निळसर कडा. अक्का पुढच्या खुर्चीवर सरकून बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, देवळात बसतात तशी.

मी वाचलं.

गावोगावी पाणी दिलं, घरी रिकामा आलो,
तू तांब्या भरून ठेवला, मी त्यालाच पाणी म्हणालो.
तुला कवा इचारलं न्हाई, तुझी तहान कुठं गेली,
आज सलाइनचं थेंब मोजतो, तवा मला ती दिसली.

 अक्काचे ओठ हलत होते, ती ओळी तोंडात धरून ठेवत होती. ती पाठ करत होती. मला ते दिसलं आणि पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, माझी, नीट छापलेली, त्यांच्या नावाखाली. ती वाचली की तीही पाठ होणार. जतला जाणार, घरात राहणार, ती मरेपर्यंत तिच्या तोंडी राहणार.

मी थांबले. गुरुजी कुजबुजले, “मॅडम, पुढं.” जावेने डोळे पुसले. माईकमधून माझ्या श्वासाचा आवाज सगळ्या खोलीत येत होता.

अक्का हळूच म्हणाली, “म्होरं वाच की, पोरी.”

मी पुस्तक मिटलं.

“अक्का, पुढच्या दहा ओळी त्यांच्या नाहीत. त्या मी लिहिल्या. त्यांच्या ओळी माझ्या हातून गेल्या, वहीतल्यासुद्धा, आणि त्या आता कुठेच नाहीत.”